उरलेलं पाणी

बुधवारी सकाळी छातीच्या वॉर्डातल्या डॉक्टरांनी मला व्हरांड्यात बोलावलं आणि सरळ सांगितलं, "मॅडम, इस बार निकल गए. अगली बार नहीं निकलेंगे."

तीस वर्षं मी याच हॉस्पिटलच्या लॅबमध्ये जंतू वाढवायचं आणि ओळखायचं काम करते, त्यामुळे माझ्याशी इथे कुणी साखर पेरून बोलत नाही. माझ्या नवऱ्याची फुप्फुसं तरुणपणीच क्षयाने खाल्लेली. त्यात सहा महिन्यांत हा तिसरा न्यूमोनिया. तिन्ही वेळा थुंकीत एकच जंतू निघाला. हॉस्पिटलात आले की दहा-बारा दिवसांत बरे व्हायचे आणि घरी गेले की दीड-दोन महिन्यांत पुन्हा ताप चढायचा.

"घर में ही कहीं बैठा है," डॉक्टर म्हणाले. "सोमवार को छुट्टी दे दूँगा, मुझे बेड चाहिए. तब तक ढूँढ़ लीजिए."

म्हणजे पाच दिवस. मी आत जाऊन यांच्या पायावर पांघरूण घातलं. यांनी विचारलं, "काय म्हणाला?" मी म्हटलं, "सोमवारी घरी." हे इतके खूश झाले की मला त्यांच्याकडे बघवेना.

आम्ही मूळचे यवतमाळकडचे. हे टेलिफोन खात्यात लागले, बदली होऊन लखनौला आले ते आलेच. विकास नगरात घर झालं, मुलगी इथेच जन्मली, इथेच शिकली. आता हज़रतगंजमधल्या एका बँकेत आहे. मी मराठीत बोलते, ती हिंदीत उत्तर देते, आणि आम्हा दोघींनाही त्यात काही वेगळं वाटत नाही. रिटायर झाल्यावर यांचा दम वाढला, तेव्हा घरी ऑक्सिजनचं मशीन आणलं. हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारं, टेबलाएवढं, दिवसभर घुरघुरणारं. मशीनमधून येणारा ऑक्सिजन कोरडा असतो, म्हणून तो आधी पाण्याच्या एका बाटलीतून बुडबुडत जातो आणि मग नळीने नाकात. त्या बाटलीत डिस्टिल्ड वॉटर घाला, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. इथे घरोघरी इन्व्हर्टर. त्याच्या बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर पाच लिटरच्या कॅनमध्ये मिळतं. तोच कॅन आम्ही दोन्हीकडे वापरायचो. बाटलीचं काम मात्र माझं. दर रविवारी मीच भरायची, मुलीलासुद्धा हात लावू द्यायची नाही. जंतूंमधलं तिला काय कळतंय, असा माझा तोरा.

कॅन आणून द्यायचे मास्टरजी. आमच्या भिंतीला भिंत लागून राहणारे, शाळेतून रिटायर झालेले, अस्सल लखनवी गृहस्थ. दुपारी चार वाजले की पेपर घेऊन यांच्या पलंगाशी खुर्ची ओढायचे आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत मोठ्याने वाचायचे. यांना दमामुळे फार बोलता येत नाही, म्हणून हे अधूनमधून फक्त एखादी शिवी हासडायचे आणि मास्टरजी हसायचे. हे हॉस्पिटलात असले की मास्टरजी वॉर्डातही यायचे. त्यांना खोकला होता. फार नाही, पान-तंबाखू खाणाऱ्या माणसाला असतो तेवढा. मला त्या खोकल्याचा पहिल्यापासून राग.

बुधवारी दुपारीच मी लॅबमधून कापसाच्या निर्जंतुक काड्या आणि नळ्या घेऊन घरी आले. बेसिनचा नळ, त्याखालची जाळी, यांचा पेला, उशीची कड, मशीनचा फिल्टर, मास्क, सगळीकडे काड्या फिरवल्या. मुलगी दाराशी उभी राहून बघत होती. म्हणाली, "मम्मी, छापा पड़ा है क्या घर पर?" मी पुढची काडी काढली. तिने मशीनकडे बोट केलं, "और ये पानी?"

"डिस्टिल्ड आहे ते," मी म्हटलं. "त्यात ना मीठ, ना साखर, ना काही. खायचं काय तिथे? उपाशी मरतील मेले."

"फिर भी ले लीजिए."

घेतलं. बाटलीतलं थोडं, कॅनमधलं थोडं. तिचं तोंड बंद व्हावं म्हणून.

लॅबमध्ये येऊन सगळे नमुने नेहमीच्या लाल प्लेटांवर पसरले. या प्लेटांत मेंढीचं रक्त घातलेलं असतं, जंतूंना याहून पोटभर जेवण नाही. प्लेटा शरीराच्या उष्णतेइतक्या गरम कपाटात ठेवल्या. त्याच दिवशी डायलिसिसच्या पाण्याची तपासणी होती. तिला वेगळ्या, फिक्या प्लेटा लागतात. त्यांत खाणं अगदी नावापुरतं. त्या गरम कपाटात जात नाहीत, बाहेर कपाटावर सात दिवस पडून असतात. त्यातली एक उरली. दुसऱ्या दिवशी तिची मुदत संपणार होती, म्हणजे फेकायचीच. माझ्याच्याने काही फेकवत नाही. कॅनच्या पाण्याचे चार थेंब राहिले होते, ते तिच्यावर पसरले, पाठीवर मार्करने 'घर' लिहिलं आणि डायलिसिसच्या गठ्ठ्यात सगळ्यात खाली सरकवली. पुढच्या क्षणाला विसरले.

गुरुवारी माझं डोकं फिरलेलंच होतं. नवीन शिकायला आलेल्या एका मुलीने परीक्षानळीत उरलेलं सलाइन परत मोठ्या बाटलीत ओतलं. मी सगळ्या लॅबसमोर तिची खरडपट्टी काढली. "एकदा बाहेर काढलेलं परत आत जात नाही. थेंबभर उरलं तरी फेकायचं. ही इथली पहिली अक्कल," असं मी हिंदीत, चांगलं ठणकावून सांगितलं. पोरगी रडली. मला तिची दया आली नाही.

शुक्रवारी दुपारी लाल प्लेटा वाचल्या. बेसिनच्या जाळीत जे नेहमी असतं तेच होतं. फिल्टरवर बुरशी. पेला, उशी, मास्क या तिन्हींवर कातडीवरचे साधे जंतू. आपल्याला हवा तो कुठेच नव्हता. बाटलीच्या पाण्याची प्लेट कोरी. कॅनची प्लेट कोरी. मी वहीत दोन्हींपुढे 'नो ग्रोथ' लिहिलं आणि खाली सही केली. घरच्या कामावर सही कशाला हवी होती? पण सवय.

मग उरलं कोण? घरात आम्ही तिघं आणि चौथा तो खोकणारा माणूस. मला जे आधीपासून हवं होतं, तेच प्लेटांनी सांगितलं असं मला वाटलं. तसं पाहिलं तर हा पाण्यात राहणारा जंतू, धडधाकट माणसाच्या खोकल्यातून पसरणारा नव्हे. हे मला माहीत होतं. पण भीती बसली की माहीत असलेलंही कामाला येत नाही, आणि कुणालातरी धरायचं असतं.

संध्याकाळी मी मास्टरजींच्या दारात गेले. त्यांनी "आइए आइए भाभीजी" म्हणत खुर्ची पुढे केली. मी बसले नाही. म्हटलं, सोमवारी हे घरी येताहेत, घरातून जंतू लागतोय, मी सगळं तपासलं, सगळं स्वच्छ निघालं. तुमचा खोकला काही जात नाही. तेव्हा तुम्ही आता येऊ नका. वॉर्डातही नको आणि घरीही नको.

 मास्टरजींनी हातातला चष्मा घडी करून खिशात ठेवला. मग म्हणाले, "जी, भाभीजी. आप तो जानकार हैं. जैसा आप ठीक समझें."

मी निघाले तेव्हा मागून विचारलं, "अख़बार बाहर रख दिया करूँ? बिटिया पढ़ दिया करेगी."

"गरज नाही," मी म्हटलं. मराठीतच म्हटलं. त्यांना कळलं. परतताना मला बरं वाटत होतं. खोटं कशाला बोलू, अगदी हलकं वाटत होतं.

शनिवारी चार वाजता यांचे डोळे वॉर्डाच्या दाराकडे. साडेचारला विचारलं, "मास्टरजी नाही आले?"

"बरं नाही त्यांना."

"काय झालं?"

"असंच. ताप."

"मग तू जाऊन बघितलं नाहीस?" यांना एवढं वाक्य बोलायलाही मध्ये थांबावं लागलं. मी नळीचा पट्टा नीट करत बसले. रविवारीही तेच. या खेपेला म्हणाले, "अगं, तो एकटा आहे गं. त्याला कोण आहे बघायला?" मी डबा उघडला आणि वरणभात कालवायला घेतला.

रविवारी दुपारी घरी येऊन मी खोली धुतली. पडदे काढले, चादरी उन्हात टाकल्या, फरशीला दोनदा फिनाइल. मग मशीनशी बसले. बाटलीत आधीचं चार बोटं पाणी तसंच होतं. ते मी नेहमीप्रमाणे कॅनमध्ये परत ओतलं, कॅन जरा हलवला आणि त्यातूनच बाटली रेघेपर्यंत भरली. याच्यात मला काही वावगं वाटलं नाही, कारण ते मी जन्मभर करत आले. माझ्या लहानपणी आमच्या वस्तीत पाणी दीड कोसावरून यायचं, आणि गावाच्या विहिरीवर आम्हाला चढू देत नव्हते तो काळ आईने डोळ्यांनी पाहिलेला. पेल्यात घोटभर पाणी उरलं तरी ती म्हणायची, "पानी सांडू नोको वं माय, लय दुरून आनलं हाय," आणि ते घोटभर पाणी माठात परत जायचं. तसंच बाटलीचं. दीड वर्ष, दर रविवारी, उरलेलं कॅनमध्ये परत. प्लेट तर कोरीच आली होती.

सोमवारी मी अर्धा दिवस कामावर जायचं ठरवलं. सुट्टी सगळी संपलेली. डिस्चार्ज दुपारी दोनला, तोवर डायलिसिसच्या प्लेटा बघून टाकू म्हटलं. त्या पाचव्या दिवशी एकदा आणि सातव्या दिवशी एकदा बघायच्या असतात. कामाच्या ओट्यावर फोन चालत नाही, फोन लॉकरमध्ये होता. एकेक प्लेट दिव्याखाली धरत गेले. सगळ्या स्वच्छ. शेवटची उचलली आणि पाठीवर माझंच अक्षर दिसलं.

प्लेटभर ठिपके होते. खसखशीपेक्षा बारीक, पांढरट, ओलसर. इतके की मोजायची सोयच नाही. मी पहिल्यांदा काय केलं असेल तर 'घर' हा शब्द पुन्हा वाचला. मग एक ठिपका उचलून काचेवर घेतला, रंग दिला, सूक्ष्मदर्शकाखाली बघितला. बारीक दांडके. दुसरा ठिपका तपासणीच्या पट्टीवर घासला. पट्टी जांभळी झाली. यांच्या थुंकीतल्या जंतूची पट्टी तिन्ही वेळा मीच केली होती. ती अशीच जांभळी झाली होती.

उपाशी जंतू काय करतो, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. आधी तो वाढायचं थांबवतो. मग अंग चोरतो, निम्मा होतो, पाव होतो. अंगात साठवलेलं थोडंथोडं जाळतो. शेजारचा मेला तर त्याच्यातून जे झिरपेल त्यावर राहतो. हवेतून पडलेला धुळीचा कण, प्लास्टिकमधून सुटणारा कणभर अंश, एवढ्यावर महिने काढतो. बाटलीच्या भिंतीला चिकटतो, भोवती बुळबुळीत थर करतो आणि त्यात पडून राहतो. बरीच औषधं वाढणाऱ्यालाच मारतात. जो वाढतच नाही, त्याला कुठे धरणार? आणि अशा उपाशाला एकदम रक्ताच्या ताटावर बसवलं, तर त्याला ते सोसत नाही. तो उगवत नाही आणि आपण लिहितो, काही नाही. त्याला पातळ खाणं द्या, गरम करू नका, पाच-सात दिवस धीर धरा, मग तो डोकं वर काढतो. तापातून उठलेल्या माणसाला आई आधी पेज द्यायची, एकदम जेवण नाही, तसंच हे. मी हे दर वर्षी नवीन मुलांना शिकवते. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ते हेच.

आणि डिस्टिल्ड पाण्यात तो आला कुठून, ते मला उभ्या जागी समजलं. यांच्या हातातून, नळीतून, कुठूनतरी एकदा चार-दोन बाटलीत पडले असतील. बाटली धुतली असती तर गेले असते. मी ते कॅनमध्ये नेऊन ठेवले. कॅनमधून परत बाटलीत, बाटलीतून परत कॅनमध्ये, पुढच्या कॅनमध्येही मागचं उरलेलं. दीड वर्ष मी घरात विरजण लावल्यासारखा तो जंतू जपला. त्या पोरीला गुरुवारी मी काय म्हटलं होतं ते आठवलं आणि माझे कान गरम झाले.

लॉकर उघडला. मुलीचे सहा मिस्ड कॉल. मेसेज होता, 'मम्मी छुट्टी अभी दे दी, बेड खाली करा लिया. पापा को एंबुलेंस से घर ले जा रही हूँ. आप आराम से आइए.' पाऊण तास झाला होता.

फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. पुन्हा वाजत राहिला. एप्रनवरच मी गेटबाहेर धावले आणि पहिल्या ऑटोत बसले. "विकास नगर, भैया, जल्दी." तो म्हणाला, "जल्दी तो सबको है." मी त्याला असं काही बोलले की त्याने पुढे तोंड उघडलं नाही. निशातगंजच्या पुलावर ई-रिक्षांची रांग लागली होती. मी फोन लावत राहिले. माझ्या डोळ्यांपुढे ती बाटली, रेघेपर्यंत भरलेली, काल मी माझ्या हाताने भरलेली. मशीनचं बटण दाबलं की बुडबुडे येणार. प्रत्येक बुडबुडा फुटताना बारीक तुषार उडणार, नळीतून सरळ त्या विरलेल्या फुप्फुसात. डॉक्टरांचं वाक्य होतंच. अगली बार नहीं निकलेंगे. मी आयुष्यात कुणाला नवस बोलले नाही, आमच्यात ते नाही. कपूरथला चौराह्यावर सिग्नल लागला तेव्हा मी मोठ्याने म्हणत होते, उचल, उचल, उचल. ऑटोवाला आरशातून बघत होता.

घराचं फाटक उघडलं. मशीनचा आवाज फाटकाबाहेर येतो. आज येत नव्हता. मला एवढंच सुचलं की लाइट गेली, इन्व्हर्टर चालला नाही, आणि हे ऑक्सिजनशिवाय पडलेत. पायऱ्या कशा चढले ते आठवत नाही.

हे पलंगावर उशांना टेकून बसले होते. नाकात नळी, नळीचं दुसरं टोक ॲम्ब्युलन्सबरोबर आलेल्या छोट्या सिलिंडरला. मुलगी चादर सारखी करत होती, तिचा फोन बाहेर पर्समध्ये. मशीन बंद. मशीनवर बाटली नव्हती.

"बाटली कुठाय?" मी ओरडले.

मागच्या अंगणातल्या नळाशी मास्टरजी उकिडवे बसले होते. तोंडावर मास्क, बाह्या वर दुमडलेल्या, एका हातात बाटली, दुसऱ्या हाताची बोटं तिच्यात घालून घासत होते. शेजारी साबण. बाजूला कॅन, झाकण उघडलेलं. मला बघून ते लगबगीने उठू लागले. गुडघे धरून, कष्टाने उठले.

"माफ़ कीजिए, भाभीजी. बिटिया को मालूम नहीं था, उसने पायरी चढ़ाने के लिए बुला लिया. मैं दूर ही रहा, मास्क लगाए हूँ. बस जा रहा हूँ."

पायऱ्यांना ते 'पायरी' म्हणायचे, आमच्याकडून उचललेला शब्द. मग हातातली बाटली पुढे करून, जरा चाचरत म्हणाले, "यह उठाई तो भीतर से चिकनी लगी. उँगली फेरी, काई-सी थी. मैंने सोचा धोकर नया पानी भर दूँ. आपका तो टेस्ट किया हुआ है, पता है मुझे. फिर भी, मन नहीं माना."

सुरई रोज पालथी घालून धुणारा माणूस तो. बोटाला शेवाळासारखी बुळबुळ लागल्यावर त्याला जे कळलं, ते मला प्लेटा, कपाटं आणि तीस वर्षं मिळून कळलं नव्हतं. मी बाटली आतून कधी बोटाने बघितलीच नव्हती. बाहेरून ती चकाचक दिसायची.

मी कॅन उचलला आणि मोरीत उपडा केला. सगळा. पाच लिटरचा कॅन रिकामा व्हायला वेळ लागतो. मुलगीही मागून आली होती, आम्ही तिघं ते पाणी जाताना बघत उभे होतो.

"जंतू यात होता," मी म्हटलं. "मास्टरजी, तुमच्यात नव्हता. पाण्यात होता. तुम्ही आणलेल्या पाण्यात नाही, मी परत ओतायची त्या पाण्यात." हे मी मराठीत म्हटलं, मग हिंदीत म्हटलं, मग पुन्हा मराठीत. माझा आवाज मला ऐकवत नव्हता.

आतून यांचा आवाज आला. "त्यांच्यात होता, असं कोण म्हणालं?"

 मुलगी माझ्याकडे बघत होती. मास्टरजी बाटलीकडे बघत होते. मी खोलीत गेले आणि सांगितलं. शुक्रवारी काय बोलले ते शब्दन्‌शब्द सांगितलं, शनिवारी ताप आला म्हणून थाप मारली तेही सांगितलं. हे बराच वेळ दम गोळा करत राहिले. मग म्हणाले, "तो माझ्यासाठी रोज येत होता गं." एवढंच. त्यापेक्षा शिवी दिली असती तर मला सोसली असती.

त्या दिवशी नळी मी बाटलीशिवाय सरळ मशीनला जोडली. नाक कोरडं पडतं, बाकी काही होत नाही. दोन दिवसांनी पक्की ओळख पटली. कॅनमधला आणि थुंकीतला, दोन्ही तोच. मास्टरजींनी आणलेला एक सीलबंद कॅनही मी तपासला. फिक्या प्लेटेवर, सात दिवस. स्वच्छ निघाला. बाटली नवीन आणली. आता ती रोज रिकामी होते, धुतली जाते, पालथी वाळते, आणि पाणी उकळून गार केलेलं, उरलेलं मोरीत. पहिले काही दिवस ते ओतताना माझा हात अडायचा. वहीतल्या 'नो ग्रोथ'वर मी रेघ मारली नाही, तो तसाच राहू दिला आहे. त्या पोरीला बोलावून घेतलं आणि ती वही दाखवली. लॅबमधले बाकीचेही होते.

पंधरा दिवस मी यांना सकाळ-संध्याकाळ थर्मामीटर लावत होते. ताप आला नाही. त्याला आता अकरा महिने झाले, अजून आलेला नाही.

मास्टरजींच्या दारात मी दुसऱ्याच दिवशी गेले. हात जोडले. ते मला बोलूच देईनात. "कैसी बातें करती हैं भाभीजी, आप अपनी जगह सही थीं." चहा दिला, खारे काजू दिले, दारापर्यंत सोडायला आले.

आणि ते येतात. रोज चार वाजता, पेपर घेऊन, मास्क लावून. खोकला आला की उठून अंगणात जातात. मी रोज पावणेचारला त्यांची खुर्ची पलंगाला लावून ठेवते. ते आले की काही न बोलता ती उचलतात, उंबरठ्याशी नेऊन ठेवतात आणि तिथून मोठ्याने वाचतात, यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.